डबा नेमका कुठे लावायचा?

बोइंग कंपनीच्या इंजिनिअरांनी २०१२ मध्ये सेवेतून काढलेल्या एका विमानाच्या खुर्च्यांवर बटाट्यांची पोती बसवली होती. सगळी मिळून वीस हजार पौंड, म्हणजे नऊ हजार किलोंच्या आसपास. विमानात वाय-फायच्या लहरी कुठे पोचतात आणि कुठे विरतात हे मोजायचं होतं. रिकाम्या विमानात मोजलेले आकडे भरलेल्या विमानात खोटे ठरतात, आणि जिवंत माणसांना तासन्‌तास हलू न देता बसवून ठेवणं कोणालाच जमणारं नव्हतं. बटाट्यात पाणी भरपूर. रेडिओ लहरी शोषण्याच्या बाबतीत तो माणसाच्या शरीराच्या बराच जवळ जातो. शिवाय तो कुरकुर करत नाही.

हा खटाटोप वाटतो तितका विक्षिप्त नाही. तोच वाय-फायचा डबा एका घरात चारही खोल्यांत नेट देतो आणि दुसऱ्या घरात शेजारच्या बेडरूमपर्यंतही धड पोचत नाही. फरक पाडतात मधल्या भिंती, सामान, माणसं आणि डबा टांगलाय ती जागा. आपल्याकडे ही जागा बहुधा केबल ओढायला आलेला मुलगा ठरवतो. फायबर दारावरच्या भोकातून आत येते, जवळच प्लग पॉइंट दिसतो, दोन स्क्रू पिळले की ‘नेट चालू झालं’ म्हणून तो पुढच्या बिल्डिंगकडे निघतो. त्याचंही चुकत नाही. त्याला केबल कमीत कमी लागेल अशी जागा हवी असते. पण ती जागा घराच्या एका टोकाला असते, आणि घरातली माणसं दुसऱ्या टोकाला बसून मीटिंगमध्ये ‘माझा आवाज येतोय का?’ विचारत राहतात.

घरातल्या डब्यात खरं तर दोन-तीन यंत्रं एकत्र कोंबलेली असतात. फायबरमधला प्रकाश विजेच्या संकेतात बदलणारा भाग, नेट घरातल्या उपकरणांना वाटून देणारा राउटर आणि हवेत लहरी सोडणारा ॲक्सेस पॉइंट. पहिल्या दोघांना कोपरा चालतो, बंद कपाटही चालतं. तिसऱ्याला चालत नाही. ऑफिस, हॉटेल, कॉलेज अशा ठिकाणी हा तिसरा भाग वेगळा काढून छताला लावतात आणि त्याच्यापर्यंत फक्त एक लॅन केबल नेतात. त्याच केबलमधून वीजही जाते, म्हणून तिथे प्लगची गरज नसते. केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. ही सोय घरीही करता येते, पण घर बांधताना कोणाला आठवत नाही.

लहरी किती झपाट्याने दमतात हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. संकेताची ताकद डीबीएम या एककात मोजतात. १ मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम, १०० मिलिवॉट म्हणजे २०. दर ३ अंकांच्या घटीला ताकद निम्मी होते. समजा वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २० डीबीएमने डबा बोलतोय. पहिल्या मीटरभरातच सुमारे ४७ डेसिबल खर्ची पडतात, उरतात उणे २७. पुढे अंतर दुप्पट झालं की आणखी ६ जातात. दोन मीटरवर उणे ३३, चार मीटरवर उणे ३९, आठ मीटरवर उणे ४५. हे झालं मोकळ्या हॉलमधलं गणित, आणि ते अगदी झकास आहे, कारण व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७ पर्यंतचा संकेत पुरतो. उणे ६७ म्हणजे एका मिलिवॉटचा पन्नास लाखांवा भाग. एवढ्याशा कुजबुजीतून फोन चित्र आणि आवाज उभा करतो, हे खरं तर नवलच आहे.

मग अडतं कुठे? भिंतीत.

मुंबई-पुण्यातले गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर ‘मायवान’ पद्धतीने बांधलेले आहेत. ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि भिंती-स्लॅब सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओतायचं. बिल्डरला मजले भराभर चढवता येतात, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंतीही सळयांसकट काँक्रीटच्या होतात. अशी एक भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरीतले साधारण १५ ते २० डेसिबल गिळते. वरचंच गणित पुढे न्या. आठ मीटरवर उणे ४५ होतं, मध्ये एक मायवान भिंत आली की उणे ६२, दुसरी आली की उणे ८० च्या घरात. पहिल्या भिंतीपलीकडे कॉल सुरळीत, दुसरीपलीकडे नुसतं गोल चक्र फिरत राहतं. विटांच्या नऊ इंची भिंतीला साधारण दहाएक डेसिबल जातात, साडेचार इंचीला त्याहून कमी. सिपोरेक्सचे हलके ठोकळे बरेच सौम्य. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी दगडी भिंतींपुढे मात्र भलाभला डबा हात टेकतो, आणि तिथे दारं-खिडक्यांतून जेवढ्या लहरी वळून आत येतील तेवढ्याच.

भिंतीची जाडी मोजताना एक गोष्ट हमखास निसटते. लहर भिंतीला सरळ भिडली तर सहा इंची भिंत सहा इंचीच असते, पण साठ अंशांनी तिरपी गेली तर तिला बारा इंच काँक्रीट कापावं लागतं. दारावर टांगलेला डबा आणि कोपऱ्यातली बेडरूम यांच्यात नेमकं हेच होतं. नकाशावर डब्यापासून पलंगापर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती भिंतीतून लांबच लांब गेलेली दिसते.

सामानाचंही तसंच. लोखंडी कपाट लहरींना जवळजवळ पूर्ण अडवतं. आरशामागे धातूचा पातळ थर असतो, म्हणून ड्रेसिंग टेबलाचा मोठा आरसाही त्याच जातीचा. माळ्यावरची पाण्याची टाकी आणि हॉलमधला माशांचा टँक लहरी पिऊन टाकतात. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्राच. आणि इंटिरिअरवाल्यांना नेमका त्याच टीव्हीमागे, लॅमिनेटच्या दाराआड डबा दडवायचा असतो, कारण तो ‘दिसायला बरा नाही’. महिन्याला हजार रुपयांचं नेट घेऊन ते पंधरा हजारांच्या फर्निचरमध्ये गाडून टाकायची ही तऱ्हा आता घरोघरी दिसते.

स्वयंपाकघराशेजारी डबा नको, याला वेगळं कारण आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वाय-फायचा जुना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. ओव्हनच्या दारातून निसटणारी अगदी किरकोळ गळतीसुद्धा वाय-फायच्या क्षीण संकेतापुढे भारी पडते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून गूढ संकेत उमटत होते. २०१५ मध्ये छडा लागला तेव्हा कळलं की आवारातल्या मायक्रोवेव्हचं दार कोणीतरी तो बंद होण्याआधीच उघडत होतं!

भारतात हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये विनापरवाना वापराला खुला झाला. ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग मोकळा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडावं लागलं. पहिला पट्टा भिंती जरा बऱ्या पार करतो पण अरुंद आणि खच्चून भरलेला आहे, दुसरा ऐसपैस आहे पण भिंतीपुढे लवकर दमतो. ॲक्सेस पॉइंटची आखणी करताना ५ गिगाहर्ट्झ कुठवर पोचतं ते धरूनच जागा ठरवावी. २.४ त्याच्या मागोमाग आपोआप पुरतं.

नेट पोचत नाही म्हटल्यावर दुकानात जो पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे जास्त ताकदीचा, चार-सहा अँटेनांचा डबा घ्या. यात मोठी फसगत आहे. वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. डब्याकडून फोनकडे जेवढं जातं, त्यातल्या प्रत्येक तुकड्याची पोच फोनला उलट द्यावी लागते. फोनची बॅटरी बेताची आणि अँटेना इवलासा. तो १४-१५ डीबीएम, म्हणजे पंचवीस-तीस मिलिवॉटच्या आसपास बोलतो. डब्याचा जोर कितीही वाढवला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. समोरचा लाउडस्पीकरवरून बोलतोय आणि तुम्ही घोगऱ्या आवाजात कुजबुजून उत्तर देताय, अशी गत होते. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, नेट मात्र हलत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. जाणकार इंजिनिअर म्हणूनच ॲक्सेस पॉइंटची ताकद फोनच्या ताकदीला जुळेल इतपत खाली आणतात आणि डबे जवळ-जवळ लावतात.

पण जवळ-जवळ म्हणजे किती? इथे दुसऱ्या टोकाची चूक होते, आणि तिचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲपलच्या नावावर आहे. ७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत असताना भर मंचावर वेबपान उघडेना. थोड्या वेळाने त्यांनी सभागृहाला सांगितलं की या खोलीत ५७० वाय-फाय बेस स्टेशनं चालू आहेत, ती बंद करा म्हणजे पुढचं दाखवता येईल. बातमीदार आणि ब्लॉगर मंडळींनी आपापल्या खिशातून छोटे हॉटस्पॉट आणले होते. प्रत्येकाकडे स्वतःची रेंज फुल्ल होती, आणि नेट कोणालाच धड मिळत नव्हतं.

कारण असं की एका वाहिनीवर, म्हणजे चॅनलवर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. बोलण्याआधी प्रत्येक जण कान देतो. हवा मोकळी असेल तरच बोलतो, नाहीतर थांबतो. शेजाऱ्याचा डबा त्याच वाहिनीवर असेल तर त्याच्या बोलण्यासाठीही थांबतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या तेरा दिसतात, पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि एकमेकींना धक्का न लावणाऱ्या १, ६ आणि ११ या तीनच. ‘मी ३ नंबर निवडला, तिथे कोणीच नव्हतं’ असं सांगणारा माणूस १ आणि ६ या दोन्हीवाल्यांना त्रास देतो आणि स्वतःही घेतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये मूळ रुंदीच्या वाहिन्या दोन डझनांच्या आसपास आहेत. मात्र तिथेही हव्यासापोटी ८० मेगाहर्ट्झची रुंदी निवडली तर चार वाहिन्या एकाच डब्याने अडवल्या, असं होतं. दाट वस्तीच्या बिल्डिंगमध्ये ४० पुरे, आणि गर्दीच्या हॉलमध्ये २०.

त्यात आणखी एक मेख आहे. दूर कोपऱ्यातला फोन उणे ८० वर रखडत ६ मेगाबिटने बोलत असेल, तर तीनशेच्या वेगाने बोलणाऱ्याच्या पन्नासपट वेळ तो हवा अडवतो. तेवढा वेळ बाकीचे गप्प. म्हणजे एकट्या मागच्या बाकावरच्या फोनमुळे पुढच्यांचंही नेट मंदावतं, आणि सगळे मिळून शिव्या घालतात त्या कंपनीला.

गर्दीचं गणित कळायला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांसारखं उदाहरण नाही. स्पर्धा परीक्षेची शंभर-दोनशे मुलं एका मजल्यावर खुर्चीला खुर्ची लावून बसलेली, प्रत्येकाकडे फोन, निम्म्यांकडे लॅपटॉप किंवा टॅब. सकाळी सातला मोजलं तर एकाच ॲक्सेस पॉइंटची रेंज हॉलभर उत्तम येते. संध्याकाळी हॉल भरला की प्रत्येक माणूस एक छोटी पाण्याची भिंत होतो, आणि दीडशे उपकरणं एकाच वाहिनीवर आपली पाळी बघत बसतात. इथे रेंज पुरेशी आहे, हवेतला वेळ पुरत नाही. एका रेडिओवर एकाच वेळी खरोखर काम करणारी पंचवीस-तीस उपकरणं, असा साधा हिशोब धरला तर अशा मजल्याला चार-पाच ॲक्सेस पॉइंट लागतात. प्रत्येकाची वाहिनी वेगळी, ताकद कमी, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आणि बहुतेकांवरचा २.४ चा रेडिओ बंद, कारण तीन वाहिन्यांत पाच जण मावत नाहीत. पैसे खर्चून डबे घ्यायचे आणि त्यांचा अर्धा भाग बंद ठेवायचा, हे मालकाला पटवणं हेच या कामातलं सगळ्यात कठीण काम असावं.

हीच युक्ती अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लेव्हाइज स्टेडियममध्ये भव्य प्रमाणावर वापरली गेली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या साडेअडुसष्ट हजार खुर्च्यांच्या मैदानात तेव्हा सुमारे १२०० ॲक्सेस पॉइंट होते, आणि त्यातले कित्येक खुर्च्यांच्या खाली डब्यांत बसवलेले होते. वरून, छपरावरून लहरी सोडल्या तर एकेक डबा हजारो फोन ऐकतो आणि सगळे एकमेकांत अडकतात. खुर्चीखालून सोडल्या तर आजूबाजूच्या प्रेक्षकांची शरीरंच त्या लहरी शोषून पुढे जाऊ देत नाहीत, आणि प्रत्येक डबा आपापल्या शंभरेक खुर्च्यांपुरता राहतो. एरवी अडथळा ठरणारी माणसं इथे मुद्दाम भिंत म्हणून वापरली आहेत. मैदान रिकामं असताना ही सगळी आखणी बिघडते, पण तेव्हा नेट हवंय कोणाला?

रेल्वे स्टेशनची तऱ्हा याहून वेगळी. रेलटेल आणि गूगल यांनी मिळून चालवलेली स्टेशनांवरची वाय-फाय सेवा जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. २०१८ च्या मध्यापर्यंत ती ४०० स्टेशनांवर गेली. फलाट म्हणजे लांबच लांब अरुंद पट्टा, वर पत्र्याचं छप्पर, आणि दर थोड्या वेळाने बाजूला गाडी येऊन थांबली की शेकडो फूट लांबीची लोखंडी भिंत उभी राहते. अशा जागी चहूकडे लहरी फेकणाऱ्या अँटेनापेक्षा एका दिशेने, फलाटाच्या लांबीवर झोत टाकणारे अँटेना उपयोगी पडतात.

लॉज, हॉटेल आणि होस्टेलमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पॅसेजच्या छताला ओळीने लावलेले डबे. दिसायला नीटनेटके, केबल ओढायला सोपे, दुरुस्तीला खोलीत शिरावं लागत नाही. पण खोलीची रचना आठवून बघा. दार उघडलं की लगेच एका हाताला बाथरूम, पुढे पलंग, शेवटी खिडकी. पॅसेजमधला डबा आणि पलंगावरचा पाहुणा यांच्यामध्ये बाथरूमच्या दोन भिंती, त्यांवरच्या टाइल्स, आतले पाण्याचे पाइप, गीझर आणि बेसिनवरचा आरसा असा सगळा जथ्था येतो. उलट पॅसेजमधून मोकळ्या हवेत डबे एकमेकांना खणखणीत ऐकतात, आणि तेवढा वेळ गप्प बसतात. पाहुण्याला नेट मिळत नाही आणि डबे एकमेकांच्या गप्पा ऐकत राहतात. खोल्यांच्या आत, एकाआड एक खोलीत, आणि वरच्या मजल्यावर जागा सरकवून डबे लावले तर कमी डब्यांतही काम भागतं. त्यातच ‘गेस्ट’, ‘स्टाफ’, ‘व्हीआयपी’, ‘बँक्वेट’ अशी नेटवर्कची चार नावं एकाच डब्यावरून फिरवायची हौस असते. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा, तेही सर्वांत मंद वेगात, हवेत आपली हजेरी लावत असतं. दोन नावं पुरतात.

घरी मोजमाप करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. ॲन्ड्रॉइड फोनवर संकेताचा आकडा डीबीएममध्ये दाखवणारी ॲप फुकट मिळतात. घराचा नकाशा कागदावर काढायचा, भिंत कशाची आहे ते लिहायचं, आणि माणसं खरोखर कुठे बसतात तिथे फुल्या मारायच्या: कामाचं टेबल, पलंगाची उशाकडची बाजू, टीव्हीसमोरचा सोफा, मुलांची अभ्यासाची जागा. मग डबा एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन एखाद्या उंच स्टुलावर, शक्यतो सात फुटांच्या आसपास, एकेका जागी ठेवायचा आणि प्रत्येक फुलीवर आकडा टिपायचा. दारं लावून, आणि फोन जसा नेहमी हातात धरतो तसाच धरून. तळहात आणि शरीर मिळूनही काही डेसिबल खातात. व्यावसायिक सर्व्हेवाले हेच करतात, फक्त त्यांचा ॲक्सेस पॉइंट उंच तिकाटण्यावर बॅटरीवर चालतो आणि टिपणं रंगीत नकाशात उमटतात. सगळ्या फुल्यांवर उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा आला की जागा सापडली. बऱ्याच दोन बेडरूमच्या घरांत ती पॅसेजच्या तोंडाशी निघते, जिथून हॉल आणि दोन्ही बेडरूमची दारं दिसतात.

डब्याचे काडीसारखे अँटेना उभे ठेवले तर लहरी आडव्या, त्याच मजल्यावर पसरतात. आडवे केले तर वर-खाली जातात. छतासाठी बनवलेला गोल ॲक्सेस पॉइंट भिंतीवर उभा ठोकला की त्याचा झोत पलीकडच्या घराकडे किंवा रस्त्याकडे वळतो.

एका डब्यात भागतच नसेल तर मेश, म्हणजे आपसात बोलणाऱ्या डब्यांचा संच, घ्यावा लागतो. त्याचा दुसरा डबा लोक नेमका रेंज नसलेल्या खोलीत नेऊन ठेवतात, आणि तिथे त्यालाच पहिल्याचं धड ऐकू येत नाही. तो मध्यावर, जिथे अजून उणे ६० च्या आसपास संकेत आहे, तिथे हवा. शिवाय दोन डबे आपसात त्याच रेडिओवरून बोलत असतील तर वेग साधारण निम्मा होतो, कारण तोच निरोप हवेत दोनदा जातो. दोन्ही डबे लॅन केबलने जोडले तर ही रड उरत नाही. म्हणून नवीन फ्लॅटचं वायरिंग चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून दारापासून पॅसेजच्या छतापर्यंत आणि तिथून लांबच्या बेडरूमपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्यावा, आत ओढायला सुतळी ठेवून. मायवान इमारतीत तर हे काँक्रीट ओतण्याआधीच बिल्डरशी बोलावं लागतं. नंतर त्या भिंतीत झिरी मारू देत नाहीत, आणि मग पांढरी पट्टी घराच्या कडेकडेने फिरवण्यावाचून इलाज राहत नाही.